मावशीच्या कबरीतली घोरपड

दिल्लीला जाऊन आले असं सांगितलं की लोक विचारतात, काय काय पाहिलं? मी चार दिवस होते आणि त्यातला बराचसा वेळ एका कबरस्तानात काढला, हे उत्तर ऐकलं की समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवतो आणि विषय बदलतो. त्यामुळे ही हकीकत तोंडी सांगायची सोय उरलेली नाही. लिहूनच काढते.

मुळात मी काळजीखोर बाई. घर सोडताना गॅस तीनदा बघते आणि अर्ध्या जिन्यातून परत येऊन चौथ्यांदा. पुण्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मदतनीस होते. फॉर्मलिनच्या बाटल्यांमधले साप-सरडे पुसण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर जिवंत प्राणी बघायचा नाद लागला. एकटीने जंगलात जायची छाती नाही, म्हणून मी कबरस्तानांत जाऊ लागले. आम्ही ख्रिस्ती, तेव्हा तिथे जायला निमित्त लागत नाही. जुन्या कबरस्तानासारखी जागा शोधून सापडायची नाही. तिथे कुणी इमारत बांधत नाही, औषध फवारत नाही, आणि वर्षातले काही दिवस सोडले तर फारसं कुणी फिरकतही नाही. शहराने बाकी सगळीकडून हाकललेले जीव तिथे बिऱ्हाड करून राहतात.

ते काही दिवस म्हणजे दोन नोव्हेंबरच्या आगेमागे. दोन तारखेला आमच्यात मृतांची आठवण करतात. आधीच्या आठवड्यात घरोघरची माणसं येऊन आपापल्या कबरी घासतात, गवत उपटतात, रंग देतात, आणि त्या दिवशी फादर कबरीकबरीवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. माणसांसाठी हा मायेचा दिवस. गवतातल्या जिवांसाठी तो कसा असेल, याचा विचार मी यंदापर्यंत केला नव्हता.

माझी धाकटी मावशी दिल्लीत गेली, तिथेच तिला माती दिली. तिचा मुलगा प्रमोद केंद्र सरकारात अधिकारी आहे. लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी घरात तो, त्याची बायको अनिता आणि मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, अशी तिघं राहतात. मावशीची कबर खचलीय असं कुणीतरी फोटो दाखवून मला सांगितलं, तेव्हापासून मी प्रमोदच्या हात धुऊन मागे लागले होते. दर रविवारी फोन. "अरे, आईची कबर नीट करून घे. इथे पुण्यात सगळ्यांच्या ग्रॅनाइटच्या झाल्या." हे वाक्य मी किती वेळा म्हटलं ते आठवलं की आजही मला लाज वाटते.

३० ऑक्टोबर

दिल्लीत उतरले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं. पुण्यात ऑक्टोबरअखेरची सकाळ म्हणजे सुख. इथे घशात कुणीतरी राख टाकल्यासारखं वाटत होतं. प्रमोदने स्टेशनवरच माझ्या हातात मास्क दिला. अनिताने पोहे केले होते, भरपूर मटार आणि वर चाट मसाला. "दिल्लीचे पोहे आहेत ताई, नावं ठेवू नका," ती म्हणाली. मी दोनदा घेतले.

दुपारी धुरकं थोडं निवळलं, तेव्हा प्रमोद मला मावशीकडे घेऊन गेला. काकांचे गुडघे दुखत होते, ते घरीच राहिले. फाटकाशी पोचतो न पोचतो तोच प्रमोदला ऑफिसचा फोन आला. रविवार असूनही. तो हातवारे करत बाहेरच थांबला आणि मी एकटी आत शिरले.

आत शिरले आणि काळजी विसरले. माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट. कडुनिंब, वेडी बाभळ, आणि एक म्हातारं पिलूचं झाड, ज्याच्या फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर चढल्या होत्या. जुन्या कबरींवरची इंग्रज नावं झिजून गेलेली. एका देवदूताचा पंख मोडला होता आणि त्या खोबणीत मधमाश्यांची ये-जा चालू होती. रुईच्या झुडपावर केशरी फुलपाखरं. भिंतीलगतच्या पिंपळावर राखी धनेशाची जोडी, गंभीर चेहऱ्याने पिंपरं गिळत होती. पहाडातून नुकताच उतरलेला एक थिरथिरा पक्षी शेपूट थरथरवत दगडावरून दगडावर उडत होता. कडुनिंबाच्या ढोलीतून पिंगळ्याने डोकं काढून माझ्याकडे पाहिलं आणि नापसंतीने परत आत घेतलं.

इथला चौकीदार किशुन, बिहारकडचा, पन्नाशीचा माणूस, माझ्यामागून येत होता. पाचोळ्यात कलकलाट करणारे सातभाई मी दाखवले, तर तो म्हणाला, "इन्हें यहाँ सात बहनें बोलते हैं, बीबीजी." आमच्याकडचे भाऊ दिल्लीत येईतो बहिणी होतात, भांडणं मात्र तीच. मग तो म्हणाला, "कल सुबह मैं नहीं मिलूँगा. छठ है, घाट पर जाना है. शाम तक आ जाऊँगा." आणि तो फाटकाकडे गेला.

मावशीची कबर कोपऱ्यात, भिंतीलगत. डोक्याकडचा दगड शाबूत होता. पायगतीला मात्र गिलावा फुटून हातभर रुंद भोक पडलं होतं. आणि त्या भोकासमोर, तिरप्या उन्हात, घोरपड बसली होती.

चांगली अडीच-तीन फुटांची. अंगावर मळकट पिवळे ठिपके, मानेला घड्या, पुढचे पाय असे रोवलेले की जणू घरमालकीण ओट्यावर बसलीय. तिने दुभंगलेली जीभ बाहेर काढली, हवा चाटली, आत घेतली. आमच्या प्रयोगशाळेतली घोरपड बाटलीत वेटोळं करून पांढरी पडली होती. तीस वर्षं मी तिची काच पुसली. ही जिवंत होती आणि तिची बरगडी हलताना मला दिसत होती. दहा मिनिटं तरी मी श्वास आवरून उभी होते. मग प्रमोदची हाक आली आणि ती वळली. पोट, मागचे पाय, मग लांबच लांब शेपूट, अशी सावकाश मावशीच्या कबरीत निघून गेली.

"काय ताई, काय बघतेस?" प्रमोदने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

का म्हटलं? मन चिंती ते वैरी न चिंती. किशुनला कळलं तर तो पकडणाऱ्यांना सांगेल, अशी भीती. घोरपडीचे अवयव ताईत म्हणून विकणारे लोक असतात, तेल काढणारे असतात. अनिताला कळलं तर ती घाबरेल. उत्तरेत हिला विषारी समजतात, ती बिचारी नसते. काकांना कळलं तर, बायकोच्या कबरीत जनावर, म्हणून त्यांना वाईट वाटेल. शिवाय ती कबर नीट करा म्हणून मीच वर्षभर कटकट केली होती; आता कुठल्या तोंडाने सांगू, की राहू दे तशीच? मी मूग गिळून बसले. प्रमोद भोकाकडे पाहत होता आणि मला वाटलं, त्याला शरम वाटतेय.

३१ ऑक्टोबर

सकाळी प्रमोदने जाहीर केलं की मी आणि अनिताने नोएडाला तिच्या बहिणीकडे जायचं. मला जायचं नव्हतं, मला कबरस्तानात जायचं होतं. पण तो ऐकेना. "अरे यार ताई, एक दिवस तरी जिवंत माणसांना भेट!" असं म्हणून त्याने कॅब मागवूनही टाकली. सकाळ गारठलेली, धुरकट. मी शाल काढली.

नोएडा म्हणजे आकडे. सेक्टर अमुक, टॉवर तमुक, मजला सतरावा. पण त्या सतराव्या मजल्याच्या गच्चीतून खाली पाहिलं तर दोन सेक्टरांच्या मध्ये एक हिरवा तुकडा दिसला. पूर्वी तिथे गाव होतं, त्या गावाचं मुसलमानी कबरस्तान. जेवण झाल्यावर मी अनिताला ओढत तिथे नेलं. मातीचे साधे उंचवटे, दगड नाही, नाव नाही. आमच्यासारखा संगमरवराचा सोस नाही. दोन लांडोरी चरत होत्या. एका मुंगसाने आमच्यासमोरून निवांतपणे रस्ता ओलांडला. एक आजोबा उंचवट्यांच्या मधून मुंग्यांसाठी चिमूट चिमूट पीठ टाकत चालले होते. मी विचारलं तर म्हणाले, "यहाँ जो रहते हैं, उनका भी तो हक़ है." मला वाटलं, ते पुरलेल्यांबद्दल बोलतायत. मग त्यांनी मुंग्यांकडे बोट दाखवलं.

परतताना रस्त्यावर उकडलेले शिंगाडे घेतले. सोलताना नखात काटा गेला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं का, या विचारात यमुना कधी ओलांडली ते कळलं नाही. घरी प्रमोद आमच्याआधी आलेला होता. त्याच्या बुटांवर पांढरी धूळ होती. काका आणि तो एकमेकांकडे बघून हसत होते.

१ नोव्हेंबर

"ताई, डोळे मीट," कबरीजवळ पोचल्यावर प्रमोद म्हणाला. पन्नास वर्षांचा माणूस, पण चेहरा शाळकरी मुलासारखा झाला होता. मी डोळे उघडले.

काळाभोर ग्रॅनाइट. कडेने पांढरी पट्टी. दगडावर मराठीत मावशीचं नाव, आणि त्याखाली काकांनी निवडलेली ओळ: 'आमच्या घराचा उजेड'. माझे डोळे भरून आले. इंग्रजी आणि हिंदी दगडांच्या गर्दीत तेवढाच एक मराठी. आणि पायगतीला गुळगुळीत, करड्या सिमेंटचा गिलावा. भोक नव्हतंच.

"सरप्राइज! वर्षभर बोलत होतीस ना? दगड महिनाभर आधीच तयार करून ठेवला होता. बाबांनी स्वतः पसंत केला."

"मिस्त्री किती वाजता आला होता रे?"

"साडेसातला. नऊपर्यंत भोक बंद, मग दगड. बिल्कुल फर्स्ट क्लास काम आहे. का गं?"

साडेसात. त्या गारठ्यात, त्या धुरक्यात. घोरपडीचं रक्त थंड. अंगाला ऊन लागल्याशिवाय ती बाहेर येत नाही. दहा-अकराच्या आधी ती हललीच नसणार. ती आत होती. मी तिथेच दुसऱ्या कुणाच्या तरी कबरीच्या कठड्यावर बसले आणि प्रमोदला सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. "तू परवा बघितलंस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू तरी मला कुठे सांगितलंस दगडाचं?"

"ते सरप्राइज होतं, ताई!"

आमचे आवाज ऐकून किशुन आला. गिलावा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अरे साहब, ये क्या करवा दिया? इसमें तो गोह रहती है. सालों से."

"तुम्हें पता था?" प्रमोद ओरडला. "बताया क्यों नहीं?"

"बताता तो आप लोग भगवा देते," किशुन म्हणाला. "और कल तो मैं घाट पर था."

तिघांनाही माहीत असायला हवं होतं ते एकेकाने आपापल्या पोटात ठेवलं होतं. मी गिलाव्याला कान लावला. काही ऐकू आलं नाही. सिमेंट गार होतं. घोरपड महिनोन् महिने अन्नावाचून राहू शकते, हे मला माहीत आहे. हवेवाचून किती, ते माहीत नाही. एक दिवस तर होऊन गेला होता.

"फोडायला हवं," मी म्हटलं.

"उद्या फादर येणार, ताई. सगळी कम्युनिटी येणार. आणि बाबा... मला नाही जमणार त्यांना सांगायला."

ते काम माझ्याकडे आलं. काका गॅलरीत शाल गुंडाळून बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, निवृत्त अवर सचिव. आजही कुणी काही मागितलं की आधी कारण विचारतात. मी उभ्यानेच सांगितलं. बायकोच्या कबरीला पहार लावू का, असं मी त्या माणसाला विचारत होते.

ते म्हणाले, "सुमन, तुझी मावशी कधी बंद खोलीत झोपली नाही. जानेवारीतसुद्धा खिडकी उघडी. चाळीस वर्षं मी त्यावरून भांडलो तिच्याशी, दर हिवाळ्यात सर्दी मला." ते काठी शोधू लागले. "चला. मी येतो."

"तुमचे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत. चला."

मिस्त्रीचा फोन लागला नाही. किशुनने पहार आणली. पहिला घाव प्रमोदने घालायचा प्रयत्न केला, पण त्याचा हात उचलेना. "आईच्या कबरीवर कसा घालू?" तो म्हणाला. किशुनने मान खाली घालून पहार घेतली, पुटपुटत माफी मागितली, आणि घाव घातला. आवाजासरशी सगळे पोपट झाडांवरून उठले. आसपास कबरी धुणारी माणसं थांबून बघायला लागली. एक बाई हातातली बादली तशीच ठेवून आल्या आणि म्हणाल्या, "शेम ऑन यू पीपल." मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. काका काठीवर टेकून उभे होते, ते म्हणाले, "मैडम, मेरी पत्नी की है," आणि त्या बाई गप्प झाल्या.

चार वाजता भोक मोकळं झालं. नव्या दगडाच्या कोपऱ्याला एक बारीक चीर गेली. मी पोटावर झोपून टॉर्च आत धरला. दोन हातांवर बीळ वळलं होतं, त्यापलीकडे अंधार. आतून ओल्या सिमेंटचा वास येत होता. आम्ही पाच वाजून गेले तरी बसून राहिलो. काही आलं नाही. ऊन गेलं तेव्हा किशुनने बाभळीच्या काटेरी फांद्या भोकाभोवती लावल्या, कुणाचा पाय पडू नये म्हणून, आणि आम्हाला घरी पाठवलं. माझ्याच कटकटीने ते भोक बुजलं होतं आणि मी न बोलल्यामुळे ती आत अडकली होती.

२ नोव्हेंबर

सकाळी नऊपासून मी आणि प्रमोद कबरीजवळ बसलो. त्याने रजा टाकली होती. दहा वाजले, अकरा वाजले. ऊन होतं, पण पातळ. एक सरडा भिंतीवर आला, तेव्हा आम्ही दोघंही दचकलो. बारा वाजता मी मनाशी म्हटलं, ती गेली. मला रडू फुटलं आणि प्रमोदने, जो लहानपणी मला फक्त चिडवायचा, माझ्या पाठीवर हात ठेवला. "चल ताई. बाबांना आणायचंय."

तीन वाजता परत आलो तर जागा ओळखू येत नव्हती. माणसं, झेंडूच्या माळा, मेणबत्त्यांची पाकिटं. आम्ही नव्हतो तेवढ्यात कबरस्तानाच्या समितीच्या लोकांनी सगळीकडे चुन्याची पूड टाकली होती, कबरींच्या मधल्या वाटा पांढऱ्याशुभ्र. माझा संताप झाला. ज्याचा जिभेने हवा चाटून संसार चालतो त्या जनावराला हा चुना किती बोचेल. मी वाट काढत कोपऱ्यात पोचले.

काटेरी फांद्या जागेवर होत्या. भोकासमोरही चुना पडला होता, पातळ, न तुडवलेला. आणि त्यावर खुणा होत्या. मी गुडघ्यांवर बसले. दोन्ही बाजूंना पंजे, एकाआड एक, पाच पाच बोटांचे, आणि मधोमध एक नागमोडी रेघ, शेपटीची.

"आत गेलीय की बाहेर आलीय?" प्रमोदने माझ्या कानाशी विचारलं. "नीट बघ ताई. नीट."

मी नीट पाहिलं. नखांची टोकं भोकापासून दूर, भिंतीकडे होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. चुना जिथे संपला तिथे, पिलूच्या मुळांशी, खुणाही संपल्या. परत येणारी एकही नव्हती.

"बाहेर," मी म्हटलं. प्रमोदने जाऊन काकांना सांगितलं. ते काठी टेकत आले, वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानेच, चष्मा पुसून, त्या खुणांकडे बघत राहिले.

तेवढ्यात फादर आमच्या रांगेत आले. तरुण, केरळचे, घाईत. अजून निम्मं कबरस्तान बाकी होतं. त्यांनी फुटलेल्या पायगतीकडे पाहिलं, काही विचारलं नाही, प्रार्थना म्हटली आणि पाणी शिंपडायला हात उचलला.

"फादर," काका म्हणाले, "ज़रा पैरों की तरफ़ मत डालिए. मिट जाएगा."

फादरचा हात तसाच राहिला. त्यांनी खाली चुन्याकडे पाहिलं. खुणा कसल्या आहेत ते त्यांना कळलं की नाही, मला माहीत नाही. ते वळसा घालून उशाशी गेले आणि तिथून, फक्त दगडावर, मावशीच्या नावावर पाणी शिंपडलं.

मी मेणबत्ती लावली. दोन दिवस मी देवाकडे सारखी काहीतरी मागत होते, पण सगळं त्या घोरपडीसाठी. जिच्यासाठी पुण्याहून आले होते, तिच्यासाठी एक शब्द बोलले नव्हते. मी मावशीची माफी मागितली आणि मग तिच्यासाठी प्रार्थना केली.